कंपनीने ‘परत दिलेले’ पाणी कोणत्या विहिरीत मोजायचे?

आंबिया_बहार (धागाकर्ता) । १२ एप्रिल, रात्री ८.४०

नमस्कार. मी वरुड तालुक्यातील एका लहान गावचा संत्रा उत्पादक असून सध्या ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. एका प्रश्नावर आपणा सर्वांचे मत हवे आहे आणि ते १ मेच्या ग्रामसभेपूर्वी हवे आहे.

शीतपेये तयार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या वतीने एक संस्था गेल्या महिन्यात आमच्याकडे आली होती. आमच्या नाल्यावर तीन सिमेंट बंधारे, दीड किलोमीटर नाला खोलीकरण, दोन पुनर्भरण शाफ्ट (पाणी जमिनीत खोलवर उतरवणारे उभे खड्डे) आणि बसथांब्याजवळ रिकाम्या बाटल्या टाकण्यासाठी जाळीचा एक पिंजरा, अशी कामे कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या, निधीतून करण्याचा त्यांचा प्रस्ताव आहे. गावाला एक रुपयाही द्यायचा नाही. संस्थेला हवा आहे ग्रामसभेचा ठराव आणि काम पूर्ण झाल्यावर ग्रामपंचायतीचे एक पत्र. पत्राचा मसुदाही त्यांनीच दिला आहे. या कामांमुळे दरवर्षी १२ कोटी लिटर पाण्याचे पुनर्भरण होत असून तेवढे पाणी कंपनीने परत दिले आहे, असे त्यात लिहिले आहे.

मी अडलो आहे तो ‘परत’ या शब्दापाशी. कंपनीचा कारखाना आमच्यापासून बराच दूर, दुसऱ्याच पाणलोटात आहे. आमच्या शिवारातून तिने थेंबभरही पाणी घेतलेले नाही. मग ती आम्हाला परत काय देते आहे, आणि जिथून घेतले त्या गावाला काय मिळणार आहे? दुसऱ्या बाजूने आमची स्थिती अशी आहे की एप्रिलातच विहिरींनी तळ गाठला आहे आणि हजार फुटांपर्यंत नेलेले बोअरही तासाभरात हवा ओढू लागतात. त्यामुळे काम नाकारावे असे मला मुळीच वाटत नाही. पत्रावर सही करावी का, आणि करायची तर कोणत्या अटींवर, एवढेच विचारतो आहे.

पऱ्हाटी_यवतमाळ । १२ एप्रिल, रात्री ९.१५

भाऊ, काम पदरात पाडून घ्या. आमच्या गावात एका बंधाऱ्यासाठी सात वर्षे कागद फिरले आणि शेवटी तो शेजारच्या गावाला मंजूर झाला. पाणी कोणाच्या नावाने अडले हे विहीर विचारत नाही. पत्राने कंपनीचा अहवाल सजणार असेल तर सजू द्या, कापसाला एक संरक्षित पाणी मिळाले तर आमच्यासारख्या कोरडवाहू माणसाचे वर्ष निघते.

वर्धाकाठ । १२ एप्रिल, रात्री १०.०५

पऱ्हाटीभाऊंची निकड मला समजते, पण ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचे पत्र ही किरकोळ गोष्ट नाही. उद्या हीच कंपनी दुसऱ्या ठिकाणी पाणी उपशाची परवानगी मागताना ‘आम्ही वापरतो त्याहून अधिक पाणी परत देतो’ असे सांगेल आणि त्या दाव्याला आधार म्हणून तुमचे पत्र जोडलेले असेल. तिथल्या शेतकऱ्याच्या विहिरीविरुद्ध तुमची सही उभी राहील. ही शक्यता ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी, असे मला वाटते.

भूजल_निवृत्त । १३ एप्रिल, सकाळी ७.३०

मी तीस वर्षे भूजलाच्या कामात घालवली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम तो १२ कोटींचा आकडा. तो कसा काढला असेल याचा मला अंदाज आहे, पण आंबिया_बहार यांनी तो संस्थेकडून लेखी घ्यावा. बहुतेक ठिकाणी बंधाऱ्यांची आणि खोल केलेल्या नाल्याची साठवण क्षमता काढतात आणि पावसाळ्यात ती किती वेळा भरेल, याच्या गृहीत संख्येने तिला गुणतात. क्षमता ३० टीसीएम असेल, म्हणजे ३० हजार घनमीटर किंवा ३ कोटी लिटर, आणि चार वेळा भरेल असे धरले, की १२ कोटी तयार होतात. यातील मोजलेली गोष्ट फक्त पहिली आहे आणि तीही कामाच्या दिवशीची, कारण दुसऱ्याच पावसाळ्यात गाळ येतो. नाला चार वेळा भरला की दोनच वेळा, हे त्या वर्षीच्या पावसाच्या झडीवर अवलंबून असते. साठ्यातील काही पाणी उन्हाने उडते, काही शेजारचे शेतकरी इंजिन लावून थेट उचलतात. हे उचललेले पाणी वाया जात नाही, पिकालाच लागते, परंतु त्याला भूजल पुनर्भरण म्हणता येणार नाही. शिवाय हे सारे पाणी पूर्वी कोठे जात होते, हाही प्रश्न उरतो. ते खालच्या गावाच्या नाल्यात आणि तिथून पुढे नदीत जात असेल, तर तुमच्या गावाची जमा म्हणजे काही अंशी खालच्या गावाची वजाबाकी असते.

दुसरी गोष्ट खडकाची. विदर्भाच्या पश्चिम भागात बहुतांश काळा पाषाण आहे. त्यात पाणी मुरते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत, आणि एकूण घनफळाच्या जेमतेम एक ते तीन टक्के एवढीच जागा पाण्याला मिळते. त्यामुळे विहीर लवकर भरते आणि तितक्याच लवकर रिकामी होते. वरुडचा उत्तरेकडील काही भाग मात्र सातपुड्याच्या पायथ्याच्या गोटे-गाळाच्या पट्ट्यात येतो, जिथे पाणी खोलवर साठू शकते. केंद्रीय भूजल मंडळाने १९९०च्या दशकात याच तालुक्यात, डब्ल्यूआर-२ या पाणलोटात, कृत्रिम पुनर्भरणाचे प्रयोग केले होते. म्हणून तुमचे गाव नक्की कोणत्या पट्ट्यात आहे हे पाहिल्याशिवाय शाफ्टला होकार देऊ नका. गाळणीशिवाय शाफ्टमध्ये नाल्याचे गढूळ पाणी सोडले तर दोन पावसाळ्यांत तो बुजतो आणि बागांवर फवारलेली औषधे थेट पिण्याच्या थरात उतरतात. हे दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

तिसरी गोष्ट मोजणीची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये नोंदवते. त्याच महिन्यांत गावाने स्वतः पाच विहिरी मोजाव्यात, आणि ही मोजणी काम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे याच मे महिन्यात सुरू करावी. आधीची पातळी हाती नसेल तर नंतर कोणीही काहीही सांगू शकते, कंपनीही आणि कंपनीचे विरोधकही.

वाचनालय_आर्वी । १३ एप्रिल, दुपारी १.२०

या विषयाला पूर्वपीठिका आहे, ती नोंदवून ठेवतो. केरळात पालक्काड जिल्ह्यातील प्लाचीमडा येथे कोका-कोलाचा कारखाना २००० साली सुरू झाला. विहिरींचे पाणी आटले आणि उरलेले पिण्याजोगे राहिले नाही, अशी तक्रार करत तेथील आदिवासी आणि दलित कुटुंबांनी २२ एप्रिल २००२ रोजी धरणे सुरू केले. मयिलम्मा ही त्या वस्तीतील आदिवासी स्त्री या लढ्याचा चेहरा झाली. पेरुमाट्टी ग्रामपंचायतीने २००३ मध्ये परवान्याचे नूतनीकरण नाकारले. डिसेंबर २००३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने भूजल ही सार्वजनिक ठेव असून सरकार तिचे विश्वस्त आहे, असे म्हटले. कारखाना मार्च २००४ मध्ये थांबला. पुढे २००५ मध्ये खंडपीठाने तो निर्णय फिरवून दिवसाला ५ लाख लिटर उपशाची मुभा दिली, तरी कारखाना पुन्हा चालू झाला नाही. राज्य सरकारच्या समितीने २०१० मध्ये नुकसान २१६ कोटी रुपयांहून अधिक ठरवले आणि विधानसभेने २०११ मध्ये भरपाईसाठी न्यायाधिकरणाचे विधेयक मंजूर केले, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही.

राजस्थानातील काला डेरा येथेही कोका-कोलाच्या कारखान्यावरून वाद झाला. टेरी या ऊर्जा आणि पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या संस्थेने २००८ साली दिलेल्या अहवालात त्या कारखान्यासाठी दुसरीकडून पाणी आणणे, जागा बदलणे किंवा तो बंद करणे असे पर्याय सुचवले होते. तिथेही कंपनीने पुनर्भरण शाफ्ट बांधले होते. तो कारखाना २०१६ मध्ये बंद पडला.

पाणी परत देण्याची भाषा याच काळातली आहे. कोका-कोलाने २००७ मध्ये बीजिंग येथे, आपल्या पेयांत जेवढे पाणी जाते तेवढे निसर्गाला आणि समाजाला परत देण्याचे ध्येय जाहीर केले आणि २०१५ मध्ये ते जगभराच्या पातळीवर गाठल्याचे सांगितले. जगभराची बेरीज जुळली तरी काला डेऱ्याच्या विहिरीला त्याचा काय लाभ, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे आणि आंबिया_बहार यांचा प्रश्नही नेमका तोच आहे.

संत्राबाग_मोर्शी । १३ एप्रिल, रात्री ९.५०

एक अप्रिय गोष्ट सांगतो, राग मानू नये. मी स्वतः बागाईतदार आहे.

सहा मीटर बाय सहा मीटर अंतरावर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ११० झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला मे महिन्यात ठिबकनेही दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एकरी ११ हजार लिटर. पन्नास एकर बाग झाली की साडेपाच लाख लिटर. वर वाचनालय यांनी लिहिले आहे की प्लाचीमडाच्या कारखान्याला न्यायालयाने ५ लाख लिटरची मुभा दिली होती. आपल्या एकेका गावात पाचशे-सहाशे एकर संत्रा उभा आहे. वरुड-मोर्शीचा पाणीसाठा बाटल्यांत गेलेला नाही, तो आपणच बोअरमागून बोअर मारून उपसला आहे. महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातली आहेत, आणि आपण तिनशे मीटरवर पोहोचलो आहोत.

याच मापाने कंपनीचा दावाही तपासून पाहा. गावात ६०० एकर संत्रा धरला तर मे महिन्यातली रोजची गरज ६६ लाख लिटर होते. कंपनीचे १२ कोटी लिटर पूर्णपणे खरे मानले तरी ते अठरा दिवसांचे पाणी आहे. भूजल_निवृत्त सर सांगतात तशी त्यात घट धरली तर कदाचित सहा-सात दिवसांचे. मी हे काम क्षुल्लक ठरवण्यासाठी सांगत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात आंबियाची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या बहाराची, फळगळ सुरू होते तेव्हा सात दिवसांचे पाणी म्हणजे काय, हे ज्याने टँकरने बाग जगवली आहे त्याला ठाऊक आहे. परंतु एवढ्यावर गावाचा प्रश्न सुटला असे मानून कोणी नवा बोअर मारला तर मिळवलेले सारे एका हंगामात जाईल.

वर्धाकाठ । १३ एप्रिल, रात्री १०.४०

संत्राबाग, आपला हिशेब बरोबर आहे, पण तुलनेत एक फरक राहून जातो. बाग उन्हाळ्याचे तीन-चार महिने जास्त पाणी घेते, तो उपसा शेकडो विहिरींत विभागलेला असतो आणि त्यावर गावातील चारशे घरे जगतात. कारखाना एकाच आवारातून वर्षभर पाणी ओढतो आणि त्याचा नफा त्या गावात राहत नाही. उपशाचा आकडा सारखा असला तरी त्याचा भार आणि त्याचे फळ सारखे वाटले जात नाही.

संत्राबाग_मोर्शी । १३ एप्रिल, रात्री ११.१०

हे मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच की कंपनीकडे मोजमाप मागणाऱ्या गावाने आपल्या विहिरींचेही मोजमाप भिंतीवर लिहावे.

धानपट्टा । १४ एप्रिल, सकाळी ८.०५

आम्ही पूर्व विदर्भातले, गोंदिया जिल्ह्यातले. आमच्याकडे बंधारे नवे बांधावे लागत नाहीत, कारण कोहळी समाजाने शतकांपूर्वी तलाव बांधून ठेवले आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा हजारांहून अधिक मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५०च्या कायद्याने संपली, तलाव सरकारकडे गेले आणि गाळ काढणारे गावाचे हात सुटले.

आमच्या शेजारच्या गावात एका कंपनीच्या निधीतून, कोणत्या ते लिहीत नाही, एका तलावाचे खोलीकरण झाले. यंत्रे पंधरा दिवस चालली, पाटी लागली, आणि इतके लाख लिटर क्षमता वाढली असा आकडा पाटीवर रंगवला गेला. क्षमता खरोखर वाढली, ते मी नाकारत नाही. पण काठाचा उथळ भाग, जिथे पाणवनस्पती होत्या आणि मासे अंडी घालत, तोही सपाट खरडला गेला. पुढची दोन वर्षे ढिवर बांधवांच्या जाळ्यात मासळी आली नाही आणि हिवाळी पक्षीही उतरले नाहीत. तलावाची किंमत फक्त लिटरमध्ये लावली की असे होते. म्हणून कामाचा आराखडा करताना ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांना आधी विचारावे. आमच्या गावी पुढे हीच चूक टाळली. आधी बेशरम हे तण उपटले, काठ तसाच ठेवून मधला गाळ काढला आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. खर्च कमी आला आणि मासळी परतली.

खारपाणपट्टा_अकोला । १४ एप्रिल, दुपारी १२.३०

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आमचे भूजलच खारे आहे, त्यामुळे आम्हाला पुनर्भरणाऐवजी शुद्ध पाण्याचे यंत्र देण्यात आले. पहिले वर्ष उत्तम गेले. नंतर यंत्रातील पाणी गाळणारा पडदा बदलण्याचा खर्च कोणी करायचा हे करारात नसल्याने यंत्र बंद पडले, ते आजही तसेच कुलपात आहे. देखभालीची किमान पाच वर्षांची जबाबदारी आणि रक्कम ठरावातच लिहून घ्यावी.

बचतगट_चांदूर । १४ एप्रिल, सायंकाळी ६.४५

पाण्यावर सर्वांनी लिहिले, मी त्या जाळीच्या पिंजऱ्याविषयी लिहिते. आमच्या गटाने दीड वर्ष गावातील प्लास्टिक वेचून विकण्याचे काम केले आहे.

पूर्वी लग्नात शीतपेयाच्या काचेच्या बाटल्यांचे क्रेट येत. क्रेटमागे अनामत रक्कम दुकानदाराकडे ठेवलेली असे, म्हणून वरपक्षाचा एखादा मुलगा मांडवाखालून शेवटची बाटली शोधून आणी. एकही बाटली धुऱ्यावर पडून राहत नसे. आता दहा रुपयांची दोनशे मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली आली. एका लग्नात हजारभर बाटल्या उडतात आणि दुसऱ्या दिवशी गावाबाहेर पेटवल्या जातात, कारण ग्रामपंचायतीकडे कचरा नेण्याची सोय नाही. किलोभर वजन भरायला सत्तर-ऐंशी छोट्या बाटल्या वेचाव्या लागतात. भंगारवाला बाटली घेतो, पण तिच्यावरची वेष्टणे आणि वेफर्सची पाकिटे घेत नाही. पिंजरा भरला की तो रिकामा कोण करणार, हे ठरले नाही तर तीन महिन्यांत तो कुत्र्यांच्या आणि माश्यांच्या ताब्यात जातो. आमच्या बसथांब्यावरचा तसाच गेला.

कायद्याने उत्पादकावर आपला प्लास्टिक कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी टाकलेली आहे. २०२५-२६ पासून बाटल्यांसारख्या कडक वेष्टणात ३० टक्के पुनर्चक्रित प्लास्टिक वापरण्याचे आणि ते प्रमाण २०२८-२९ पर्यंत ६० टक्क्यांवर नेण्याचे बंधन २०२२च्या नियमांनी घातले. म्हणजे आमच्या वेचलेल्या बाटलीची कंपनीला गरज आहे. मग आम्हाला पिंजरा भेट कशाला हवा? ठरलेल्या भावाने महिन्यातून एकदा गाडी यावी, तोल आमच्यासमोर व्हावा आणि पैसा गटाच्या खात्यात जमा व्हावा. एवढे झाले तर गावातील बायका स्वतःच बाटली जमिनीवर पडू देणार नाहीत, जशी काचेची पडू देत नव्हत्या.

वाचनालय_आर्वी । १४ एप्रिल, रात्री ८.२०

ताईंच्या म्हणण्याला जोड म्हणून सांगतो. कोका-कोलाने २०१८ मध्ये जाहीर केले होते की २०३० पर्यंत विकलेल्या प्रत्येक बाटलीमागे एक बाटली गोळा केली जाईल. डिसेंबर २०२४ मध्ये ते ध्येय बदलून २०३५ पर्यंत ७० ते ७५ टक्के असे करण्यात आले, आणि परत भरता येणाऱ्या बाटल्यांचे प्रमाण वाढवण्याचे वेगळे ध्येय त्या यादीत उरले नाही. ज्या काचेच्या बाटलीची आठवण ताईंनी काढली, तीच ही परत भरता येणारी बाटली.

सीएसआर_कार्यकर्ता । १५ एप्रिल, सकाळी ९.३०

मी अशाच प्रकारच्या एका संस्थेत, दुसऱ्या जिल्ह्यात, क्षेत्रीय समन्वयक म्हणून काम करतो. माझी बाजूही ऐकून घ्यावी.

कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. म्हणून हा निधी उपकार नाही आणि गावाने मान खाली घालून तो घ्यावा असेही नाही. परंतु त्यातून झालेली बरीच कामे चांगली आहेत, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. कारखान्यांच्या आतही सुधारणा झाल्या आहेत. एक लिटर पेयासाठी कोका-कोलाला जगभराच्या सरासरीने २००४ मध्ये २.७ लिटर पाणी लागत होते, ते नंतर दोन लिटरच्या खाली आले.

आमची अडचण वेगळी असते. निधी देणाऱ्याला वर्षाअखेरीस लिटरमध्ये आकडा हवा असतो, आणि विहिरीची पातळी वाढली की नाही हे एका वर्षात कळत नाही. मग सूत्राने काढलेला आकडाच पुढे जातो. गावाने तीन वर्षांच्या मोजणीची अट घातली तर आमच्यासारख्यांना उलट बळ मिळते, कारण ‘गावाची अट आहे’ असे आम्ही वर सांगू शकतो. ठराव देण्यापूर्वी मागितलेली गोष्ट बहुधा मिळते, आणि नंतर मागितलेली मिळत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक सांगतो, कारण ते माझ्या मनाला लागून आहे. एका गावात लोकांनी श्रमदानाने खोदलेले समतल चर आमच्या अहवालात निधीतून झालेल्या कामात धरले गेले. मी हरकत घेतली आणि ते वगळले गेले, पण मी त्या दिवशी रजेवर असतो तर कदाचित राहिले असते.

आंबिया_बहार (धागाकर्ता) । १६ एप्रिल, रात्री ९.००

सर्वांचे मनापासून आभार. भूजल_निवृत्त सरांच्या सांगण्यावरून मी संस्थेकडे हिशेब मागितला. क्षमता ३० टीसीएम आणि चार वेळा भरणे, असाच तो आहे.

सीएसआर_कार्यकर्ता यांनी लिहिलेली शेवटची गोष्ट वाचून मी दचकलो. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची गावांसाठीची पहिली जलसंधारण स्पर्धा झाली तेव्हा राज्यातील तीन तालुक्यांत आमचा वरुड होता. त्या उन्हाळ्यात आमच्या गावाने पंचेचाळीस दिवस पहाटे आणि संध्याकाळी टिकाव-फावडे चालवले. माझ्या आईने वयाच्या बासष्टाव्या वर्षी घमेली उचलली. काल नकाशा पाहिला, तर प्रस्तावित खोलीकरणाचा चारशे मीटरचा भाग आम्ही तेव्हा खोदलेलाच आहे. तो आता गाळाने भरला आहे, म्हणून गाळ काढावा, हे योग्यच आहे, पण तो नव्या क्षमतेत मोजला आहे.

शिक्षक_काटोल । १७ एप्रिल, सकाळी ६.५०

कारखान्यातील दोन लिटरचा हिशेब वर आला आहे, त्यात साखर येत नाही हे लक्षात ठेवावे. शीतपेयात शंभर मिलिलिटरमागे साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम. उसापासून एक किलो साखर होईपर्यंत जगभराच्या सरासरीने सुमारे १,८०० लिटर पाणी खर्ची पडते. त्या मापाने एका बाटलीतील साखरेमागे ५७ लिटर पाणी उभे असते, आणि ते पाणी कोणत्या तरी ऊस पट्ट्यातील असते. मी हे गणित आठवीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेतले. एका मुलीने विचारले की हे ५७ लिटर कंपनी कोणाला परत देते. ‘परत’ हा शब्द पत्रात येणार असेल तर या प्रश्नाचे उत्तरही यावे लागेल.

पऱ्हाटी_यवतमाळ । १७ एप्रिल, दुपारी २.१५

मी सुरुवातीला काम पदरात पाडून घ्या म्हणालो होतो. काम घ्यावे या मतावर मी अजूनही ठाम आहे, पण पत्राला किंमत नाही हे माझे म्हणणे मी मागे घेतो.

भूजल_निवृत्त । १७ एप्रिल, रात्री ८.३०

मग आता मसुद्याकडे वळू या. ग्रामपंचायतीने आपल्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच पत्रात लिहावे. किती मीटर खोलीकरण झाले, किती बंधारे झाले, त्यातील नवे कोणते आणि गाळ काढलेले जुने कोणते, आणि पाच विहिरींची पातळी कामाआधी व नंतर किती होती. लिटरचा आकडा कंपनीला काढायचा असेल तर तिने आपल्या जबाबदारीवर काढावा, गावाने त्याखाली सही करू नये. तुलनेसाठी, शक्य असल्यास, काम न झालेल्या शेजारच्या गावातील दोन विहिरी याच दिवशी मोजाव्यात. त्याशिवाय वाढ बंधाऱ्याची की चांगल्या पावसाची हे कळणार नाही.

‘परत दिले’ या जागी ‘काम केले’ असे लिहावे. ज्या पाणलोटातून घेतले त्याच पाणलोटात दिले तरच ते परत देणे होते. हे मी कोणाच्या विरोधात बोलत नाही. कोका-कोलाच्या २०२४ मधील नव्या ध्येयांतही पाण्याची जोखीम असलेली दोनशेहून अधिक ठिकाणे वेगळी काढून, तिथे वापरलेले सारे पाणी परत देण्याची भाषा आहे. म्हणजे जागेचा प्रश्न खुद्द कंपन्यांनाही टाळता आलेला नाही. केंद्राच्या २०२०च्या भूजल मार्गदर्शक तत्त्वांनी अतिशोषित क्षेत्रात, म्हणजे पुनर्भरणापेक्षा उपसा जास्त असलेल्या भागात, बाटलीबंद पाण्याच्या नव्या उद्योगांना परवानगी नाकारली आहे, आणि दिवसाला १०० घनमीटरहून अधिक उपसा करणाऱ्या उद्योगांना दरवर्षी पाण्याचे लेखापरीक्षण बंधनकारक केले आहे. आपल्या गावाला निधी देणाऱ्या कंपनीकडे तिच्या कारखान्याचे ते लेखापरीक्षण मागण्यात गैर काहीच नाही.

आंबिया_बहार (धागाकर्ता) । २ मे, सकाळी ७.१५

काल ग्रामसभा झाली. दोनशे अकरा जण हजर होते आणि त्यातील ऐंशीच्या वर महिला होत्या, हे आमच्याकडे नेहमीचे नाही. हा धागा मी छापून नेला होता आणि संत्राबाग यांचा अठरा दिवसांचा हिशेब वाचला तेव्हा सभा बराच वेळ शांत होती.

ठराव मंजूर झाला आहे. काम स्वीकारले. शाफ्ट मात्र भूजल यंत्रणेने जागा पाहिल्यावरच होतील. श्रमदानाचे चारशे मीटर ‘गाळ काढणे’ म्हणून वेगळे लिहिले जाईल. गाळ आणि देखभालीची पाच वर्षांची रक्कम ग्रामपंचायतीच्या स्वतंत्र खात्यात आधी जमा होईल. पिंजऱ्याऐवजी महिला बचत गटाशी बाटल्यांच्या खरेदीचा लेखी करार व्हावा, असे ठरले. पत्रातून ‘परत’ हा शब्द आणि १२ कोटींचा आकडा, दोन्ही काढले. संस्थेच्या प्रतिनिधींनी पहिल्या चार गोष्टी तिथेच मान्य केल्या. पत्राविषयी मुख्य कार्यालयाला विचारून पंधरा दिवसांत कळवतो, असे ते म्हणाले. कदाचित या कारणाने काम जाईलही. ते सभेत स्पष्टपणे सांगितले, आणि तरीही हात वर झाले.

नवे बोअर तीन वर्षे मारायचे नाहीत, हा संत्राबाग यांनी सुचवलेला विषयही मांडला. त्यावर एकमत झाले नाही. तो १५ ऑगस्टच्या सभेत पुन्हा येईल.

विहिरी पाच निवडल्या आहेत, एक नाल्याकाठची, दोन मधल्या वावरांतील, एक गावठाणातील आणि एक टेकडीखालची. शेजारच्या गावाने दोन विहिरी मोजू देण्याचे कबूल केले आहे. पहिली मोजणी येत्या रविवारी करणार आहोत. सर, ती कशी करावी?

भूजल_निवृत्त । २ मे, सकाळी ९.४०

आदल्या संध्याकाळपासून त्या सातही विहिरींवरचे पंप बंद ठेवायला सांगा, नाहीतर उपशाने खाली गेलेली पातळी नोंदवली जाईल. मोजणी पहाटे, सर्व ठिकाणी एकाच दिवशी करा. विहिरीच्या कठड्यावर एका जागी लाल रंगाची खूण करा आणि दरवेळी त्याच खुणेपासून फीत सोडा. जमिनीपासून खुणेची उंची वेगळी लिहून ठेवा, कारण पुढे कोणी कठडा बांधला तर तीच उपयोगी पडेल. फितीला वजन बांधा आणि शेवटच्या मीटरला खडू लावा, ओला झालेला खडू पाण्याची रेघ दाखवतो. दोन वेळा मोजा. आकडे वहीत पेनाने लिहा, आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवरही.

मी रविवारी येऊ शकतो. सकाळी पाचला तुमच्या फाट्यावर उतरेन, कोणाला तरी दुचाकी घेऊन पाठवा.